आभासी वास्तवातील भयखेळ आणि सविकल्प समाधी

१

साहित्यातील दुःखापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न मराठी समीक्षेच्या चांगल्या परिचयाचा आहे. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली, आणि पुढे कित्येक वर्षे आपल्याकडील रसचर्चेत तिचे मंडन-खंडन होत राहिले. या चर्चेचा भर मुख्यतः करुणरसावर होता. भयानकाचा विचार त्या मानाने थोडाच झाला. वस्तुतः कोणत्याही आनंदमीमांसेची खरी कसोटी भयानकच लावतो. दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होता येते, आणि त्या दुःखात सहानुभूतीचे एक समाधान असते. भीतीचे तसे नाही. ती मुळात ज्याची त्याला असते; दुसऱ्याविषयी वाटणारी भीती आपल्या मनात काळजीचे रूप घेऊन येते. अशा या केवळ स्वतःपुरत्या भावनेचा अनुभव माणूस हौसेने, पैसे मोजून आणि पुनःपुन्हा का घेतो?

अलीकडे एका नव्या प्रकाराने हा प्रश्न अधिक तीव्रपणे पुढे आणला आहे. भयकथा आणि भयपट या शब्दांच्या धर्तीवर ज्यांना 'भयखेळ' म्हणता येईल असे व्हिडिओ गेम गेली तीन दशके खेळले जात आहेत. तथापि, २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट, एचटीसी व्हाइव्ह आणि प्लेस्टेशन व्हीआर हे तीन हेडसेट बाजारात आले, तेव्हापासून या खेळांना पडद्याची चौकट ओलांडता आली. व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, हे या साधनाचे नाव. हेडसेट डोळ्यांवर चढविला की प्रत्येक डोळ्यास स्वतंत्र चित्र दिसते, त्यामुळे दृश्याला खोली येते. मान वळेल त्याप्रमाणे दृश्यही वळते. भोवतालची खोली दिसेनाशी होते. पडद्यावरील भुताकडे पाठ फिरविता येते. येथे पाठ फिरवावी तर पाठीमागेही तेच घर असते.

कॅपकॉम या जपानी संस्थेचा 'रेसिडेंट ईव्हिल ७: बायोहॅझर्ड' हा खेळ जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आरंभापासून अखेरपर्यंत हेडसेट लावून खेळता येतो. इथन विंटर्स नावाचा एक सामान्य मनुष्य तीन वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या पत्नीचा शोध घेत लुइझियानातील एका पडीक घरात येतो, आणि तेथील बेकर कुटुंबाच्या तावडीत सापडतो, एवढेच त्याचे कथाबीज. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाचे विभाव सांगताना विकृत ध्वनी, भुताखेतांचे दर्शन, कोल्ह्या-घुबडांचा त्रास यांच्याबरोबर शून्य घराचा उल्लेख केला आहे. तो येथे आठवल्यावाचून राहत नाही. सामग्री जुनीच आहे. बदल झाला आहे तो वेगळ्याच ठिकाणी. कापरे, रोमांच, चंचल दृष्टी, बदललेला स्वर हे जे अनुभाव नटाने रंगभूमीवर दाखवावयाचे, ते येथे खेळणाराच्या स्वतःच्या शरीरावर उमटतात.

२

या बदलाचे गांभीर्य ध्यानात येण्यासाठी अभिनवगुप्तांच्या विवेचनाकडे वळले पाहिजे. भयानकाच्या आस्वादाचे उदाहरण म्हणून त्यांनी 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या रथापुढे धावणारे हरिण घेतले आहे. त्या वर्णनाने सहृदयाच्या चित्तात जे भय प्रकट होते, ते 'मी भ्यालो आहे' किंवा 'हा शत्रू, मित्र अथवा तटस्थ भ्यालेला आहे' अशा कोणत्याही प्रतीतीहून वेगळे असते. स्थळकाळाचे व व्यक्तीचे बंधन सुटलेले असे ते केवळ भय असते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. उलट, अनुभव स्वतःच्या देशकालाशी जखडला गेला तर तो रसास्वादातील एक विघ्न ठरतो.

या कसोटीने पाहिल्यास हेडसेटमधील भयाला रसाच्या पंक्तीत जागा मिळणे कठीण. येथे साधारणीकरणाला वावच ठेवलेला नाही. दाराआड कोण आहे हे मलाच पाहावयाचे आहे. पाठलाग माझा होतो आहे. 'मी भ्यालो आहे' हीच येथील मूळ प्रतीती आहे. ती बुद्धीने खोडून काढता येत नाही, याला प्रायोगिक आधारही आहे. चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माणसांना एका आभासी खोल खड्ड्याच्या काठावर उभे केले. आपण प्रयोगशाळेच्या सपाट जमिनीवर उभे आहोत हे प्रत्येकास ठाऊक असूनही त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. पायाखाली दीड इंच उंचीची लाकडी कड ठेवली, तेव्हा तर हा परिणाम आणखी वाढला. मेल स्लेटर यांनी २००९ साली या अनुभवाची दोन अंगे वेगळी करून दाखविली: 'मी तेथे आहे' हा स्थळाचा भ्रम, आणि 'हे खरोखर घडत आहे' हा घटनेचा भ्रम. हे दोन्ही भ्रम खोटे आहेत हे कळत असतानाच ते होतात, हा त्यांच्या व्याख्येचाच भाग आहे.

मग आनंद कोठून येतो? या प्रश्नाची तीन उत्तरे प्रचलित आहेत. पहिले उत्तर सुरक्षिततेचे. एडमंड बर्क यांनी १७५७ सालीच सांगून ठेवले की, संकट फार जवळ आले तर ते केवळ भयावह असते, पण काही अंतरावरून ते सुखद होऊ शकते. मायकेल ॲप्टर या मानसशास्त्रज्ञांनी यालाच संरक्षक चौकटीची कल्पना जोडली. दुसरे उत्तर सुटकेचे. डॉल्फ झिलमन यांच्या मते, भयाने चेतविलेले शरीर संकट टळल्यावर लगेच शांत होत नाही. त्या शिल्लक उत्तेजनेमुळे सुटकेचा आनंद दुणावतो. तिसरे उत्तर कुतूहलाचे. भयकलेतील राक्षस आपल्या नेहमीच्या वर्गवारीत बसत नाही, म्हणून तो किळसवाणा असतो आणि म्हणूनच त्याच्याविषयी जाणून घ्यावेसे वाटते, असे नोएल कॅरल यांनी १९९० साली प्रतिपादन केले.

या तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. तथापि प्रस्तुत प्रकारापुरती तिन्ही अपुरी पडतात. कुतूहल शमविण्यासाठी हेडसेटची गरज नाही. तीच कथा पडद्यावर खेळून, किंवा दुसरा खेळत असताना पाहूनही कळते. सुटकेने शेवटचा आनंद समजतो. परंतु मधल्या कित्येक तासांत खेळणारा टिकून का राहतो, ते समजत नाही. राहिली सुरक्षितता. ती तर पुस्तक वाचणारालाही असते, आणि अधिक प्रमाणात असते. नारायण धारपांची कथा वाचणारा वाचक दिवा मोठा करतो, पुस्तक मिटतो, पुन्हा उघडतो. अंतर त्याच्या हाताशीच असते. सुरक्षितता हेच आनंदाचे कारण असते, तर ती ज्या साधनात कमीत कमी जाणवते त्याचा आनंदही कमी व्हावयास हवा होता. हे साधन मुद्दाम निवडणाऱ्या खेळाडूंचा अनुभव तसा नाही.

३

येथे केळकरांच्या उपपत्तीकडे परत जाणे उपयुक्त ठरेल. तिचा आशय थोडक्यात असा: वाचक कल्पनेने दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपले स्वतःचे भान गमावत नाही. समाधी लागते, पण ती सविकल्प असते. या दुहेरी जाणिवेत, म्हणजे 'मी तो आहे' आणि 'मी तो नाही' यांच्या एकत्र नांदण्यात, वाङ्मयीन आनंदाचे मूळ आहे. या उपपत्तीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. विकल्प वाचकाला आयताच मिळतो. त्याच्या हातात पुस्तक असते, तो आपल्या खुर्चीत बसलेला असतो. मिळवावी लागते ती समाधी. कवीचे सारे कौशल्य खुर्चीतील त्या माणसाला भूमिकेत खेचून नेण्यासाठी खर्ची पडते.

आभासी वास्तवात हा हिशेब उलटा होतो. समाधी येथे यंत्र पुरविते. ती लावून घेण्यासाठी खेळणाराला कल्पनाशक्ती शिणवावी लागत नाही. शरीर त्याला न विचारता तेथे जाऊन पोहोचते. मिळवावा लागतो तो विकल्प. आपण वेगळे आहोत ही जाणीव खेळणाराने प्रत्येक क्षणी स्वतःच्या प्रयत्नाने उभी करावयाची, ती ढासळली की पुन्हा उभी करावयाची. आभासी वास्तवातील भयखेळांचा विशिष्ट आनंद हा या प्रयत्नाचा आनंद आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. नाटकात ताटस्थ्य ही आनंदाची पूर्वअट असते. येथे ते खेळणाराचे कर्तृत्व असते.

यावर एक आक्षेप संभवतो. हेडसेट केव्हाही काढता येतो. मग विकल्प मिळवावा लागतो असे कसे म्हणता येईल? याचे उत्तर असे की, येथे दोन प्रकारची अंतरे आहेत आणि त्यांची गल्लत होता कामा नये. हेडसेट काढणे हे बाह्य अंतर. ते घेतले की भय जाते, पण त्याबरोबर खेळही संपतो. खेळणारा हे अंतर उपलब्ध असूनही नाकारीत राहतो. त्याचे खेळत राहणे हीच त्याची सतत नवी होणारी संमती असते. ती दिल्यानंतर त्याला हेडसेटच्या आतच दुसरे अंतर निर्माण करावे लागते. केंडल वॉल्टन यांनी १९७८ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात, पडद्यावरील हिरव्या चिखलाला भिणारा प्रेक्षक उठून पळत नाही, म्हणून त्याचे भय खरे भय नव्हे, असा युक्तिवाद केला होता. हेडसेटमधील खेळाडू मागे सरतो, हात वर करतो, क्वचित ओरडतोही. वॉल्टन यांची पळण्याची कसोटी येथे पूर्वीइतकी निर्णायक राहत नाही. भय पुष्कळसे खरे आहे आणि तरीही मनुष्य स्वेच्छेने तेथे उभा आहे, ही नवी परिस्थिती होय.

४

हे आंतरिक अंतर कसे निर्माण होते, ते प्रत्यक्ष कृतींवरून पाहू. 'रेसिडेंट ईव्हिल ७' मध्ये खेळणारा भिंतीआडून नुसते डोके पुढे काढून बोळात डोकावू शकतो. ही कृती वरवर क्षुल्लक दिसते. पण धोक्याकडे पाहावयाचे की नाही, पाहिल्यास किती आणि किती वेळ, हे तीमुळे खेळणाराच्या मानेच्या स्वाधीन होते. भीतीची मात्रा तो स्वतः मोजून घेतो. त्याच घरात काही खोल्या अशा आहेत की, तेथे मंद संगीत चालू असते, आणि एका टेपरेकॉर्डरवर खेळातील प्रगती नोंदविता येते. अशा खोलीत शिरल्यावर सुटकेचा निःश्वास पडतो हे खरे. पण तिचे खरे महत्त्व तेथून बाहेर पडण्यात आहे. दाराशी उभे राहून पुन्हा अंधारात जाण्याचा निर्णय कोणी लादलेला नसतो. कथेतील प्रत्येक टप्पा अशा निर्णयांवर उभा आहे, आणि खेळ संपल्यावर त्यांची आठवण राहते.

याच संस्थेने २०१५ साली 'किचन' नावाचा एक छोटा नमुना दाखविला होता. त्यात खेळणारा खुर्चीला जखडलेला असतो आणि त्याचे हात बांधलेले असतात. कंट्रोलर दोन्ही हातांनी धरावा लागत असल्याने बांधलेपणाचा भास पुरा होतो. हा नमुना यंत्राचे सामर्थ्य दाखविण्यासाठी केलेला होता, आणि त्या दृष्टीने तो यशस्वी झाला. परंतु कलाकृती म्हणून पाहता त्याची मर्यादा लगेच दिसते. बांधलेल्या माणसाला करण्याजोगे काहीच नसते. त्याला केवळ सोसावयाचे असते. समाधी पुरेपूर आहे, विकल्पाला मात्र जागा ठेवलेली नाही. असा अनुभव काही मिनिटांचाच असला पाहिजे, आणि तो तसाच आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हाल्व्ह संस्थेच्या 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' या खेळातील एका प्रकरणात सापडते. हा सबंध खेळ भयखेळ नाही. पण त्याच्या सातव्या प्रकरणात नायिकेला मद्याच्या एका जुन्या कारखान्यातून जावे लागते. तेथे 'जेफ' या नावाने ओळखला जाणारा एक विद्रूप प्राणी वावरत असतो. तो आंधळा आहे, पण त्याचे कान तीक्ष्ण आहेत. हवेत बुरशीचे कण भरलेले आहेत. त्यांनी खोकला येतो, आणि खोकला म्हणजे आवाज. तेव्हा खेळणाराला आपला हात उचलून खरोखर तोंडावर धरावा लागतो. कपाट उघडताना बाटली घरंगळली तर ती पडण्यापूर्वी झेलावी लागते. दुसरी बाटली दूर फेकून त्या प्राण्याला तिकडे वळविता येते. भ्यालेला मनुष्य तोंडावर हात धरतो हे आपण जाणतोच. येथे तोच अनुभाव उपाय झाला आहे. भीतीने होणारी कृती आणि भीतीला आवर घालणारी कृती एकच असावी, हा योग साधण्यात या प्रकरणाचे यश आहे. खेळणारा भीतीच्या आत असतो, आणि तिच्यावर त्याचा हातही असतो.

तिसरे उदाहरण कायनेटिक गेम्सच्या 'फास्मोफोबिया' या सप्टेंबर २०२० मध्ये उपलब्ध झालेल्या खेळाचे. चार जणांपर्यंतचा गट एखाद्या झपाटलेल्या वास्तूत जाऊन तेथील भूत कोणत्या जातीचे आहे ते शोधतो; हेडसेट लावूनही तो खेळता येतो. भूत खेळाडूंचे प्रत्यक्ष बोलणे ऐकते. सोबत्याशी बोलून धीर मिळवावा, तर बोलण्यानेच धोका वाढतो. धीर आणि धोका यांचा हा व्यवहार खेळणारे आपसांत ठरवितात. एकट्याने करावयाचे अंतरनिर्मितीचे काम येथे चौघांत वाटले जाते, आणि आनंदाचा एक भाग या वाटपातून येतो.

मानसशास्त्रीय संशोधनातील काही निष्कर्ष या प्रतिपादनाशी जुळतात. तैवानमधील संशोधक जि-शुआन लिन यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 'द ब्रुकहेवन एक्सपेरिमेंट' हा हेडसेटवरील खेळ वापरला होता. त्यात खेळाडू भयाला दोन मार्गांनी तोंड देताना आढळले: धोक्यावर लक्ष ठेवून, किंवा त्याच्यावरून लक्ष काढून घेऊन. म्हणजे भय सोसणे आणि ते हाताळणे या क्रिया बरोबरीने चालतात. डेन्मार्कमधील एका भयगृहात, म्हणजे हेडसेटविना प्रत्यक्ष चालून जावयाच्या भीतिदायक वास्तूत, मथियास क्लासेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला २०१९ सालचा अभ्यास याहून बोलका आहे. २८० अभ्यागतांपैकी काहींनी भय शक्य तितके वाढवावयाचे आणि काहींनी ते शक्य तितके आवरावयाचे, असे ठरले होते. दोन्ही गटांच्या भयाची मात्रा वेगळी होती. समाधान मात्र जवळजवळ सारखे होते. याच भयगृहातील २०२० सालच्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, भय फार थोडे असता आनंद कमी, फार झाले असताही कमी, आणि मधल्या प्रमाणात अधिक असतो. आनंद भयाच्या राशीवर अवलंबून असता, तर पहिला निष्कर्ष निघाला नसता. त्या भयाला वळण देता येण्यावर तो अवलंबून आहे असे मानले, म्हणजे दोन्ही निष्कर्षांची संगती लागते.

५

या विवेचनातून रसविचारापुढे एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. वीर आणि भयानक हे परस्परविरोधी रस आहेत. त्यांचा आश्रय एकच असेल तर ते एकमेकांना बाधक होतात, म्हणून त्यांचे आश्रय भिन्न ठेवावेत, नायकाच्या ठायी उत्साह आणि प्रतिपक्षाच्या ठायी भय दाखवावे, असे आनंदवर्धनांनी 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतात सांगितले आहे. भयखेळात भय आणि उत्साह यांचा आश्रय एकच, आणि तोही पात्र नसून प्रत्यक्ष आस्वादक. दाराशी उभा असलेला खेळाडू भ्यालेला असतो आणि त्याच क्षणी पुढे जावयास सिद्ध असतो. आनंदवर्धनांचा नियम नाट्यकाव्याच्या संदर्भात योग्यच आहे. पण ज्या प्रकारात पाहणे आणि करणे एकाच माणसाकडे आले, तेथे या विरोधाचा परिहार आश्रयभेदाने होऊ शकत नाही; तो खेळणाराच्या धृतीने होतो. भरतमुनींनी व्यभिचारी भावांत गणलेली ही धृती येथे मध्यवर्ती स्थानी येते. म्हणून या प्रकाराच्या आस्वादकाला केवळ सहृदय म्हणणे पुरेसे होणार नाही. सहृदयाची योग्यता तन्मय होण्यात असते. या आस्वादकाची योग्यता तन्मयतेतून स्वतःला अंशतः सोडविता येण्यात असते.

मूल्यमापनाची एक कसोटीही यातून हाती येते. अंधारातून एकाएकी चेहरा पुढे आणून दचकविणे हा भयखेळांतील सर्वांत सोपा उपाय आहे, आणि हेडसेटमध्ये तो हमखास लागू पडतो. परंतु दचकणे म्हणजे भय नव्हे. दचकण्याला कालावधी नसतो. त्यात खेळणाराला काही करावयास सवडच मिळत नाही. असे धक्के एकामागून एक देणारा खेळ यंत्राचे सामर्थ्य खर्चतो आणि खेळणाराला बांधलेल्या माणसाच्या पातळीवर ठेवतो. चांगला भयखेळ खेळणाराला वेळ देतो, वाट देतो, आणि शरीराने करण्याजोगे काही तरी देतो. भय किती निर्माण झाले यापेक्षा, त्या भयात खेळणाराला स्वतःसाठी किती जागा करून घेता आली, यावर त्याचे गुण ठरले पाहिजेत.

याला नीतीची एक बाजू आहे, तिचाही उल्लेख येथे आवश्यक आहे. विकल्प निर्माण करण्याची शक्ती सर्वांना सारखी नसते. लहान मुले, किंवा भयाच्या खऱ्या प्रसंगातून गेलेली माणसे, यांच्या बाबतीत यंत्राने लावलेली समाधी त्यांच्या प्रयत्नाला दाद देईलच असे नाही. आणि खेळातील भय हेडसेट उतरविल्याबरोबर संपतेच असेही नाही. लिन यांच्या अभ्यासात दुसऱ्या दिवशी उरलेल्या भयाचाही विचार केलेला आहे. नाटककाराने प्रेक्षकाला कितीही भेडसाविले, तरी नाट्यगृहाची खुर्ची प्रेक्षकाला सांभाळीत असे. ती खुर्ची ज्याने काढून घेतली, त्याच्यावर जबाबदारीही तेवढीच अधिक येते. खेळणाराच्या संमतीवर उभा असलेला हा आनंद ती संमती मोडण्याच्या बेताला आणून ठेवतो, आणि त्या सीमारेषेचे भान रचनाकाराला असले पाहिजे.

केळकरांच्या उपपत्तीवर त्या काळी जे आक्षेप घेतले गेले, त्यांची पुनरावृत्ती येथे करण्याचे कारण नाही. त्यांनी ज्या दुहेरी जाणिवेकडे बोट दाखविले, ती शंभर वर्षांनंतरच्या एका यंत्रापुढेही उपयोगी पडते, एवढे मात्र दिसून येते. तिच्यात दुरुस्ती करावयाची ती एवढीच की, समाधी आणि विकल्प यांपैकी आयते काय मिळते आणि कमवावे काय लागते, हे प्रत्येक कलामाध्यमात वेगळे असू शकते. हे प्रमाण चित्रपटात कसे असते, नभोनाट्यात कसे असते, लोकरंगभूमीवर अंगात येण्याच्या प्रसंगी कसे असते, याचा तौलनिक अभ्यास अभ्यासकांनी हाती घेण्याजोगा आहे. भयानक रसाकडे झालेले दुर्लक्ष त्यातून काही अंशी भरून निघेल.